ग्रामीण रस्ता सुरक्षेसाठी शासकीय निधी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

स्थानिक रस्त्यांवरील अपघात कमी करण्यासाठी शासनाकडून निधी मिळवणे हा प्रश्न वरकरणी अर्ज, शिफारस आणि मंजुरी एवढ्यापुरता वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, अपघाताची नोंद कोणाच्या दप्तरी आहे आणि सुरक्षेचे काम कोणत्या नावाने मागितले जाते, हे तीन प्रश्न असतात. बुलढाणा जिल्ह्यात रस्त्यांसाठी निधी येण्याच्या वाटा थोड्या नाहीत. मात्र या बहुतेक वाटांनी ‘रस्ता सुधारणे’, ‘डांबरीकरण करणे’, ‘काँक्रीट रस्ता करणे’ या नावांची कामे येतात आणि सुरक्षेच्या बाबी त्या कामांच्या अंदाजपत्रकात शेवटच्या ओळींत उरतात किंवा खर्च आवळताना सर्वांत आधी गळतात. खड्डे बुजून गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर वाहनाचा वेग वाढतो, आणि वळण, चौफुली, शाळा व वस्ती मात्र पूर्वीच्याच जागी राहते. त्यामुळे सुधारलेला रस्ता आपोआप सुरक्षित होतो हे गृहीतक अनेक ठिकाणी घातक ठरते. या जिल्ह्यात खरी उणीव पैशाची कमी आणि सुरक्षेसाठी स्वतंत्रपणे, पुराव्यासह मागणी करणाऱ्या अर्जदाराची अधिक आहे, असे प्रस्तुत आढाव्याचे प्रतिपादन आहे.

जिल्ह्याची भूरचना या प्रश्नाशी थेट निगडित आहे. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येचा आणि तेरा तालुक्यांचा हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत विभागला गेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात येतात. मोताळा व खामगाव यांचा प्रदेश या दोहोंच्या सांध्यावर आहे. या दोन भागांना जोडणारे राजूर घाटासारखे रस्ते वळणांचे व उताराचे आहेत, तर पूर्णेच्या खोऱ्यातील रस्ते सरळ असूनही काळ्या कपाशीच्या जमिनीवर बांधलेले आहेत. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे भराव दबतो, डांबराची कड तुटते आणि साइडपट्टी, म्हणजे डांबरी भागालगतची मुरमाची पट्टी, रस्त्यापेक्षा खोल जाते. समोरून ट्रक आला असता दुचाकीस्वाराला कडेला उतरावे लागते आणि त्या उंचसखल कडेवर चाक घसरते. अशा अपघाताचे कारण पोलिसांच्या नोंदीत बहुधा ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे लिहिले जाते आणि कडेची खोली कागदावर येतच नाही.

याच जोडीला येथील वाहतुकीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस यांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागच्या बाजूला परावर्तक पट्टी किंवा दिवा नसताना अंधारात खामगाव, चिखली, मलकापूर येथील बाजारांकडे जात असतात. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आणि ऋषिपंचमीला पायी येणाऱ्या दिंड्या पहाटेपूर्वी व रात्री रस्त्याच्या कडेने चालतात. सिंदखेड राजाला १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवासाठी आणि सैलानीच्या यात्रेसाठी होळीच्या सुमारास मोठी गर्दी लोटते. पाणंद रस्ता, म्हणजे शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट, डांबरी रस्त्याला ज्या कोनात येऊन मिळतो तेथे तुरीचे उभे पीक किंवा बाभळीचे झुडूप दृष्टी अडवते. हे सर्व धोके ठाऊक असलेले, वर्षाच्या ठरावीक काळात ठरावीक जागी येणारे आणि म्हणूनच आधी हेरून टाळता येण्याजोगे आहेत.

२०२१ ते २०२३ या काळात जिल्ह्याचे नाव रस्ते अपघातांच्या संदर्भात देशभर गेले. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेड राजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळया आणि मजूर यांना एकत्र घेऊन जाणारे वाहन उलटून १३ मजूर मृत्युमुखी पडले. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर त्याच तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला; त्याच महिन्याच्या २९ तारखेला मलकापूर येथे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दोन खासगी बसगाड्यांच्या धडकेत सहा जणांचे प्राण गेले. या घटनांमुळे द्रुतगती मार्गावरील वेग, टायर तपासणी आणि चालकाची झोप यांवर शासनाचे लक्ष गेले आणि ते आवश्यकच होते. परंतु एकाच वेळी अनेक बळी घेणारा अपघात जेवढा दिसतो तेवढे एकेकट्याने होणारे मृत्यू दिसत नाहीत, आणि संख्येने तेच अधिक असतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात होऊन १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजार २२४ होती. देशातील या मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातील होते, ४४.५ टक्के मृत हे दुचाकीवरील होते आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. द्रुतगती मार्ग व राष्ट्रीय महामार्ग यांवर ३६ टक्के, राज्य महामार्गांवर २४ टक्के, तर उरलेल्या ‘इतर’ रस्त्यांवर ३९ टक्के मृत्यू झाले. या ‘इतर’ गटात जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते आणि गावांतर्गत गल्ल्या येतात. म्हणजे सर्वांत मोठा वाटा असलेल्या रस्त्यांसाठीच सुरक्षेची सर्वांत कमी व्यवस्था आहे, आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांनी निधी मागण्याला खरे महत्त्व येते ते याच कारणाने.

निधीच्या मागणीत पहिला अडथळा मालकीचा असतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत असतात; समृद्धी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे; राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, शहरातील अंतर्गत रस्ते नगरपरिषदेकडे आणि गावठाणातील रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. गावातील माणसाला हा भेद दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने शाळेपुढून जाणारा रस्ता हा गावाचाच असतो. परिणामी ग्रामपंचायत ठराव करते, तो पंचायत समितीकडे जातो, तेथून ‘हा रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारून परत येतो, आणि या फेऱ्यात आर्थिक वर्ष सरते. एखाद्या चौफुलीवर तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग मिळत असल्याने धोका एका यंत्रणेच्या रस्त्यावर आणि त्याचे कारण दुसऱ्या यंत्रणेच्या रस्त्यावर अशी स्थिती उद्भवते. म्हणून कोणत्याही प्रस्तावाचे पहिले पान रस्त्याचा वर्ग, क्रमांक आणि साखळी, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून त्या जागेचे किलोमीटर व मीटरमधील अंतर, यांनीच सुरू व्हायला हवे; ही माहिती उपअभियंत्याच्या कार्यालयातील रस्ते नोंदीत उपलब्ध असते.

निधीच्या वाटांकडे वळले असता सर्वांत जवळची वाट ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हातात असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचे ६० टक्के बंधित, म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी राखून ठेवलेले, आणि ४० टक्के अबंधित असे दोन भाग होते. अबंधित भाग संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांपैकी गावाच्या गरजेप्रमाणे निवडलेल्या बाबींवर, वेतन व आस्थापनेचा खर्च वगळून, वापरता येत असे, आणि रस्ते, मोऱ्या व पूल हे त्याच अनुसूचीत आहेत. महाराष्ट्रात या अनुदानाचे वाटप ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के असे ठरले. काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखालील ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी नोंदलेले असावे लागते. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च केल्यास लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शाळेपुढील पादचारी पट्टे, वळणावरील दिशादर्शक पाट्या, एस.टी. थांब्याजवळचा दिवा अशी कामे या निधीच्या आवाक्यातील आहेत, तरीही आराखड्यात ती क्वचितच दिसतात. पथदिव्यांबाबत ग्रामपंचायतींचा संकोच मात्र समजण्याजोगा आहे, कारण दिवा बसवण्यास अनुदान मिळते, पण त्याचे वीजदेयक पुढे दर महिन्याला भरावे लागते.

दुसरी आणि अधिक मोठी वाट जिल्हा नियोजन समितीची आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ यघ अन्वये आणि १९९८च्या राज्य अधिनियमानुसार स्थापन झालेल्या या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि जिल्हा वार्षिक योजना तिच्या मान्यतेने ठरते. या योजनेत रस्त्यांचे पैसे मुख्यतः दोन लेखाशीर्षांखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या क्रमांकित खात्यांखाली, येतात : ३०५४ हे महसुली खर्चाचे, तर ५०५४ हे भांडवली खर्चाचे शीर्ष होय. यांशिवाय ग्रामविकास विभागाच्या २५१५ या शीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे होतात, आणि गावोगावी ‘पंचवीस-पंधराचा निधी’ हा शब्दप्रयोग सरपंचांच्या तोंडी रुळलेला आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना वस्तीपर्यंतच्या रस्त्याला पैसा देते. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांसाठी आदिवासी घटक कार्यक्रमाचा वेगळा निधी असतो. शेगाव, लोणार आणि सिंदखेड राजा यांचे स्वतंत्र विकास आराखडे झाले, आणि पायी येणाऱ्या भाविकांसाठी रस्त्यापासून वेगळी केलेली पायवाट हा अशा आराखड्याचा पहिला भाग असायला हवा, कारण ज्या गर्दीच्या नावाने आराखडा मंजूर होतो तिच्यातील मोठा वर्ग चालत येतो.

आमदारांच्या स्थानिक विकास कार्यक्रमातून दरवर्षी पाच कोटी आणि खासदारांच्या योजनेतूनही पाच कोटी रुपये उपलब्ध असतात. येथे एक प्रादेशिक बारकावा महत्त्वाचा ठरतो : जिल्ह्यातील सात विधानसभा मतदारसंघांपैकी सहा बुलढाणा लोकसभा मतदारसंघात असले, तरी मलकापूर विधानसभा मतदारसंघ रावेर लोकसभा मतदारसंघात मोडतो, त्यामुळे मलकापूर व नांदुरा या भागांतील ग्रामपंचायतींनी खासदार निधीसाठी कोणाकडे जायचे याचे उत्तर वेगळे आहे. मोठ्या कामांसाठी केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी आहे. पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून उभा राहणारा हा निधी २०००च्या अधिनियमाने स्थापन झाला आणि २०१८च्या दुरुस्तीने त्याला हे नाव मिळाले. त्याचे प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातात, ग्रामपंचायतीला तेथे थेट प्रवेश नाही. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि २०१५ पासूनची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांतून होणाऱ्या रस्त्यांबाबत सुरक्षेची संधी आराखडा तयार होतानाच असते, कारण प्रधानमंत्री योजनेत काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर करारानेच असते. पाटी पडली, झुडूप वाढले, साइडपट्टी वाहून गेली तर ते त्याच करारात दुरुस्त करून घेता येते, त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. गावाने या कराराची मुदत माहीत करून घेणे हे अनेक अर्जांपेक्षा फलदायी आहे. जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांच्या साहाय्याने केंद्राने १४ राज्यांसाठी आखलेल्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमात महाराष्ट्राचा समावेश आहे, परंतु त्याचा प्रवाह राज्यस्तरीय यंत्रणांतून वाहतो.

या सर्व वाटा रस्त्यासाठी आहेत. केवळ सुरक्षेसाठी अशी व्यवस्था निर्माण होण्यामागे न्यायालयाचा मोठा वाटा आहे. कोईम्बतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ३० नोव्हेंबर २०१७च्या आदेशाने प्रत्येक राज्यात रस्ता सुरक्षा धोरण, मध्यवर्ती यंत्रणा, रस्ता सुरक्षा निधी आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असावी असे निर्देश दिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पोलीस, परिवहन, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य इत्यादी विभाग एकत्र बसतात. मालकीच्या तुकड्यांमुळे अडलेला प्रश्न ज्या एका मेजावर सुटू शकतो ते मेज हेच आहे, कारण चौफुलीवर मिळणाऱ्या दोन रस्त्यांचे दोन मालक तेथे एकाच वेळी उपस्थित असतात. २०१९च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने कलम १९८अ आणले, ज्यायोगे रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही. परंतु सदोष रस्ता हे अपघाताचे कारण असू शकते ही गोष्ट कायद्याने प्रथमच मान्य केली, आणि समितीपुढे मांडणी करताना या कलमाचा उल्लेख वजन टाकतो.

समितीपुढे जाण्यासाठी पुरावा लागतो आणि येथे ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजेच अपघातप्रवण क्षेत्र या संकल्पनेची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१५च्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटर लांबीच्या ज्या पट्ट्यात मागील तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात झाले असतील किंवा दहा जणांचा मृत्यू झाला असेल, तो अपघातप्रवण मानला जातो. एखादी जागा या यादीत आली की तिच्यासाठी तातडीचे उपाय, जसे रंबलर पट्ट्या, सूचनाफलक, परावर्तक, आणि दीर्घकालीन उपाय, जसे भुयारी मार्ग किंवा वळणाची पुनर्रचना, यांची तरतूद मागण्याचा मार्ग मोकळा होतो. परंतु ही मोजपट्टी वर्दळीच्या महामार्गासाठी बनली आहे. मोताळा किंवा लोणार तालुक्यातील एखाद्या ग्रामीण मार्गावर अपघात एका जागी साचत नाहीत, ते पाच-सहा किलोमीटरवर विखुरतात. तीन वर्षांत एका वळणावर दोन मृत्यू झाले तरी ते वळण यादीत येत नाही. व्याख्येत बसण्यासाठी आणखी माणसे मरण्याची वाट पाहणे हे कोणत्याही सार्वजनिक धोरणाला शोभणारे नाही. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ८८ या पुस्तिकेत सांगितलेली रस्ता सुरक्षा तपासणी, जिच्यात झालेल्या अपघातांच्या आकड्यापेक्षा रस्त्यातील दोषांवरून धोका ठरवला जातो, ग्रामीण रस्त्यांसाठी अधिक उपयुक्त आहे, आणि तिचा अहवाल जोडलेला प्रस्ताव अपघातांची संख्या कमी असतानाही उभा राहू शकतो.

नोंदींची उपलब्धता मात्र पूर्वीपेक्षा सुधारली आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीसंचाच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. या प्रणालीत तपास अधिकारी घटनास्थळावरूनच मोबाइलवर अपघाताची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवतो आणि त्यानंतर परिवहन, आरोग्य व रस्ता-मालक विभाग आपापली माहिती त्यात भरतात. ग्रामपंचायतीने ठाणेदारांकडे लेखी मागणी करून आपल्या हद्दीतील तीन वर्षांच्या अपघातांची तारीख, वेळ, वाहनप्रकार आणि जागा यांचा तक्ता मिळवावा. मृत व जखमींची नावे त्यासाठी लागत नाहीत. ज्या किरकोळ अपघातांत तक्रारच झाली नाही त्यांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून आणि १०८ रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांतून मिळू शकते. असा तक्ता समोर ठेवला की अपघात संध्याकाळी सात ते नऊ या वेळात होतात की सकाळी शाळेच्या वेळी, दुचाकी घसरून होतात की मागून धडक बसून, हे कळते आणि त्यावरून उपाय ठरतो. अंधारात मागून होणाऱ्या धडकांवर गतिरोधक हा उपाय नाही. त्या जागी ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम आणि फाट्यावरचा दिवा उपयोगी पडतो.

गतिरोधकाचा विषय येथे थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण अपघात झाला की गावाची पहिली मागणी तीच असते, आणि मागणी पूर्ण होण्यास विलंब झाला तर गावकरी स्वतःच मुरूम किंवा सिमेंट टाकून उंचवटा तयार करतात. त्यामागील दुःख आणि संताप समजून घेतला तरी असा उंचवटा पुढच्या अपघाताचे कारण होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर अशी दिली आहे, जेणेकरून वाहन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने झटका न बसता ओलांडेल. त्याच्या आधी सूचनाफलक आणि त्यावर पांढरे पट्टे असणे बंधनकारक आहे. हाताने घातलेला उंचवटा बहुधा अरुंद व उभा असतो, रात्री दिसत नाही, आणि दुचाकीवर मागे बसलेली स्त्री लहान मुलासह फेकली जाते. राष्ट्रीय महामार्गावर तर गतिरोधकाला परवानगीच नसल्याने तेथे तो मागणारा अर्ज फेटाळलाच जातो. त्याऐवजी गावाच्या सीमेवर रंबलर पट्ट्या, वेगमर्यादेचा फलक आणि रस्ता अरुंद भासवणारी आखणी मागितली तर तीच यंत्रणा विचार करू शकते.

प्रस्तावाच्या बांधणीत कामाचे नाव निर्णायक असते, हे शासकीय लेखनपद्धती माहीत असणाऱ्यांना सांगावे लागत नाही. प्रशासकीय मान्यता ज्या नावाने मिळते त्या नावाबाहेर एक रुपयाही खर्च करता येत नाही. ‘अमुक ते तमुक रस्ता सुधारणे’ या नावाखाली साइडपट्टी भरणे, फलक व संरक्षक कठडे बसवणे समाविष्ट आहे की नाही हे अंदाजपत्रकावर अवलंबून राहते. याउलट ‘अमुक रस्त्यावर साखळी इतके ते इतके या लांबीत रस्ता सुरक्षा उपाययोजना करणे’ असे नाव असेल तर ठेकेदाराला दुसरे काही करण्यास वाव उरत नाही. त्यानंतर शाखा अभियंत्याकडून प्रचलित दरसूचीनुसार अंदाजपत्रक, सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता, ग्रामसभेचा ठराव, जागा उपलब्ध व अतिक्रमणमुक्त असल्याचा दाखला, काम अन्य योजनेतून मंजूर नसल्याचे प्रमाणपत्र, रस्ता दुसऱ्या यंत्रणेचा असल्यास तिचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि पुढील देखभालीची हमी अशी कागदपत्रे लागतात. यांत सर्वाधिक वेळ ना-हरकतीला लागतो, म्हणून तिचा अर्ज अंदाजपत्रकाची वाट न पाहता पहिल्या दिवशीच द्यावा. अतिक्रमणाचा दाखला ही सर्वांत अवघड बाब आहे; दृष्टी अडवणारी टपरी किंवा रस्त्यालगतचे कुंपण गावातल्याच कोणाचे तरी असते, आणि ते हटवण्याचा निर्णय गावानेच घ्यायचा असतो.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारणपणे हिवाळ्यात तयार होऊन राज्यस्तरीय बैठकीकडे जातो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिलेला प्रस्ताव बहुधा एक वर्ष मागे पडतो. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत ठराव झाला तर तो वेळेत पोहोचतो. राज्य विभागांचा निधी ३१ मार्चला खर्ची पडला नाही तर व्यपगत होतो, जिल्हा परिषदेला मात्र पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत मुभा असते. लहान सुरक्षा कामांसाठी ही मुभा उपकारक आहे, कारण पावसाळ्यात पट्टे मारता येत नाहीत आणि साइडपट्टीची दबाई ओल्या काळ्या जमिनीत टिकत नाही. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि गट-गणांतून मागण्या पुढे रेटणारे सदस्य सभागृहात उरले नाहीत. वित्त आयोगाचे अनुदान लोकनियुक्त संस्था अस्तित्वात असण्याशी जोडलेले असल्याने जिल्हा परिषद व पंचायत समिती या दोन स्तरांच्या वाट्यालाही त्याची झळ पोहोचली. अशा काळात ग्रामपंचायतीचा ठराव आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांना अधिक महत्त्व येते, आणि तालुक्यातील आठ-दहा ग्रामपंचायतींनी एकाच रस्त्यावरील धोक्याच्या जागांचा संयुक्त प्रस्ताव दिला तर एकट्या गावापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते. एक रस्ता, एक तपासणी आणि एक निविदा यांमुळे फलक व कठड्यांचा दरही उतरतो, कारण दोन-चार पाट्यांच्या कामासाठी चांगला ठेकेदार पुढे येत नाही.

राज्यात यशाचे उदाहरण शोधायचे तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे सांगता येते, जेथे २०१६ पासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी दोषांच्या जागा एकेक करून हेरल्या, उघड्या कठड्यांची टोके झाकली, थांबलेल्या वाहनांवर कारवाई केली आणि पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आणली. तो रस्ता श्रीमंत यंत्रणेचा असल्याने ही तुलना बुलढाण्यातील ग्रामीण मार्गाला पूर्णपणे लागू पडत नाही. परंतु तेथे परिणाम झाला तो प्रत्येक मृत्यूनंतर जागेवर जाऊन कारण लिहून काढण्याच्या शिस्तीमुळे, आणि त्या शिस्तीला मोठा निधी लागत नाही. ठाणेदार, शाखा अभियंता आणि ग्रामपंचायत अधिकारी या तिघांनी अपघातस्थळी संयुक्त पाहणी करून एका पानाचा पंचनामा समितीकडे पाठवला, तर त्यातून वर्षभरात जिल्ह्याची धोक्याच्या जागांची यादी तयार होईल आणि तीच यादी जिल्हा वार्षिक योजनेत सुरक्षेच्या कामांसाठी राखीव तरतूद मागण्याचा आधार ठरेल.

काम झाल्यानंतरच्या टप्प्याकडे शासनाची पद्धती जवळजवळ पाहतच नाही. ठेकेदाराच्या देयकासाठी मोजमाप पुस्तिका भरली जाते, त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मंजूर निधी मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वरच्या कार्यालयाला जातो आणि नस्ती बंद होते. ज्या वळणासाठी पैसे आले त्या वळणावर नंतर अपघात थांबले की नाही असा रकाना त्या प्रमाणपत्रात नाही. अपघातांची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवणारी प्रणाली आता जिल्ह्यात असल्याने कामाच्या आधीची तीन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे यांची तुलना उपअभियंत्याच्या कार्यालयात बसूनही करता येते. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने सुरक्षेच्या नावाने मंजूर झालेल्या प्रत्येक कामासाठी असा तुलनात्मक तक्ता बंधनकारक केला, तर पुढच्या वर्षीचा निधी कोणत्या उपायावर लावायचा हे ठरवताना शिफारशीऐवजी अनुभवाचा आधार मिळेल आणि ज्या गावाचा पहिला प्रस्ताव अपुरा ठरला त्याला दुसऱ्यांदा मागण्याचे कारणही कागदावर उपलब्ध राहील.